कार्यस्थळावरील प्रशिक्षणार्थी आणि त्याचा मार्गदर्शक : एक ऐतिहासिक आढावा (१८६० ते २०२४)

प्रस्तावना

'उमेदवारी' हा शब्द आज प्रामुख्याने निवडणुकीच्या संदर्भात वापरला जातो. त्याचा जुना अर्थ मात्र वेगळा आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. नोकरी लागेल या आशेने कचेरीत, पेढीवर किंवा कारागिराच्या हाताखाली वेतनाशिवाय अथवा नाममात्र मोबदल्यावर राबणारा तो उमेदवार. या व्यवस्थेत शिकणे होते, परंतु शिकविण्याची जबाबदारी कोणावरही निश्चित केलेली नव्हती. जुन्या कारकुनाची मर्जी असेल तर तो दोन गोष्टी समजावून सांगे. नसेल तर उमेदवाराने पडेल ते काम करीत, पाहून पाहून शिकावे अशी अपेक्षा असे. शिकणारा आणि फुकट राबणारा यांच्यातील सीमारेषा त्यामुळे फार पुसट राहिली.

गेल्या दीडशे वर्षांत ही सीमारेषा स्पष्ट करण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या व्यवसायांत झाले. परिचर्या, समाजकार्य आणि औद्योगिक शिकाऊ उमेदवारी ही त्यांतील तीन ठळक क्षेत्रे होत. विद्यार्थ्याला कामाच्या ठिकाणी पाठविल्यानंतर त्याला आधार कोणी द्यावा, केव्हा द्यावा आणि त्या आधाराची नोंद कशी ठेवावी, हे प्रश्न या तिन्ही क्षेत्रांत सोडवावे लागले. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेण्यात आला आहे. कार्यस्थळावरील अनुभव ज्या ज्या ठिकाणी शिक्षण ठरला, त्या त्या ठिकाणी मार्गदर्शकाचा वेळ हा अध्यापनाचाच वेळ मानला गेला होता. जेथे तो गृहीत धरला गेला, तेथे प्रशिक्षणार्थी पुन्हा 'उमेदवार' झाला, हा या आढाव्यातून पुढे येणारा मुख्य मुद्दा आहे. पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षण अनिवार्य होत असताना हा इतिहास अध्यापकवर्गाने पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

लंडनमधील परिचारिका शाळेचा धडा

क्रिमियन युद्धातील कार्याबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या गौरवार्थ इंग्लंडमध्ये सार्वजनिक वर्गणीतून सुमारे ४४,००० पौंडांचा निधी जमा झाला. या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. प्रशिक्षण एक वर्षाचे होते. निवडलेल्या स्त्रिया रुग्णकक्षांत प्रत्यक्ष काम करीत आणि त्यांचे राहणे, जेवण, गणवेश व किरकोळ मानधन यांचा खर्च निधी सोसत असे.

या योजनेतील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. शिकाऊ परिचारिकांना शिकविल्याबद्दल रुग्णालयाच्या अधिसेविका सेरा वॉर्ड्रोपर, निवासी वैद्यकीय अधिकारी व्हिटफिल्ड आणि रुग्णकक्षांच्या प्रमुख परिचारिका यांना निधीतून स्वतंत्र मोबदला दिला जाई. रुग्णसेवा हे त्यांचे मूळ काम होते. त्या कामात शिकविणे आपोआप होईल असे मानले गेले नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या वर्तनाची व कौशल्याची नोंद अधिसेविकेने ठराविक नमुन्यात ठेवावी आणि विद्यार्थिनींनीही आपल्या कामाची दैनंदिनी लिहावी, असाही दंडक होता.

परंतु तरतूद आणि व्यवहार यांत अंतर पडले. पहिल्या दहा वर्षांत शाळेचा लौकिक वाढत गेला आणि तिच्या परिचारिकांना सर्वत्र मागणी आली. १८७१ साली रुग्णालय लॅम्बेथ येथील नव्या, विस्तीर्ण इमारतीत गेले व कामाचा भार आणखी वाढला. याच सुमारास शाळेच्या कारभाराची बारकाईने चौकशी झाली, तेव्हा असे उघडकीस आले की व्याख्यानांकडे दुर्लक्ष झाले आहे, नोंदी यांत्रिकपणे भरल्या जात आहेत आणि शिकाऊ परिचारिका मुख्यतः रुग्णालयाच्या मनुष्यबळाची उणीव भरून काढीत आहेत. शिकविण्यासाठी मोबदला दिला जात होता, परंतु शिकविले जाते की नाही हे पाहणारे कोणी नव्हते.

यानंतर झालेल्या सुधारणा महत्त्वाच्या ठरल्या. १८७२ मध्ये व्हिटफिल्ड दूर झाले व जॉन क्रॉफ्ट यांच्याकडे अध्यापन सोपविण्यात आले. शाळेच्या निवासात राहून विद्यार्थिनींचा अभ्यास, प्रकृती आणि मनःस्थिती यांकडे लक्ष देणारी 'निवास परिचारिका' हे नवे पद निर्माण झाले. या पदाचा रुग्णकक्षातील कामाशी संबंध नव्हता, हेच त्याचे वैशिष्ट्य होय. जी व्यक्ती प्रशिक्षणार्थीकडून काम करून घेते, तिच्याखेरीज दुसरी एक व्यक्ती प्रशिक्षणार्थीचे ऐकून घेण्यासाठी असली पाहिजे, हे तत्त्व येथे व्यवहारात आले.

पुणे सेवासदन आणि परिचर्येचे शिक्षण

महाराष्ट्रात या प्रश्नाला सामाजिक प्रतिष्ठेची आणखी एक बाजू होती. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. रमाबाई रानडे या त्याच्या अध्यक्षा होत्या आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी संघटनेची धुरा वाहिली. स्त्रियांना, विशेषतः तरुण विधवांना, स्वावलंबी करणारे शिक्षण देणे हा सेवासदनाचा एक प्रमुख हेतू होता. त्या दृष्टीने संस्थेने काही विद्यार्थिनींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या प्रशिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला.

त्या काळी परपुरुष रुग्णाची शुश्रूषा, रात्रपाळी आणि सर्व जातींच्या रुग्णांचा स्पर्श या तिन्ही गोष्टी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या. रुग्णालयात प्रवेश मिळवून देणे हे तुलनेने सोपे काम होते. प्रवेश मिळालेल्या मुलीला तेथे टिकवून धरणे अवघड होते. सेवासदनाने अशा विद्यार्थिनींसाठी वसतिगृहाची सोय केली. पाळी संपवून परतणाऱ्या विद्यार्थिनीला आपल्यासारख्याच इतर मुलींची सोबत आणि संस्थेतील वडीलधाऱ्या स्त्रियांचे छत्र मिळाले. लंडनमध्ये निवास परिचारिकेच्या पदाने जे साधले, ते पुण्यात वसतिगृहाने साधले असे म्हणता येईल. दोन्ही ठिकाणी आधाराची जागा कामाच्या जागेहून वेगळी होती, आणि दोन्ही ठिकाणी पाठविणारी संस्था विद्यार्थिनीला पाठवून मोकळी झाली नाही.

दानधर्मापासून पर्यवेक्षणापर्यंत

मार्गदर्शकाच्या कामाला स्वतःचे शास्त्र मिळाले ते समाजकार्याच्या क्षेत्रात. ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ पासून लंडनमधील गरीब वस्तीतील घरांची व्यवस्था हाती घेतली. दर आठवड्याला भाडे गोळा करणाऱ्या स्त्री कार्यकर्त्यांना त्यांनी आपल्याबरोबर घरोघर फिरवून तयार केले. १८६९ साली लंडनमध्ये धर्मादाय संघटन संस्था स्थापन झाली आणि तिच्या धर्तीवर अमेरिकेतील शहरांतही संस्था निघाल्या. बॉस्टनमध्ये १८७९ नंतर झिल्फा स्मिथ यांच्या देखरेखीखाली स्वयंसेवक गरीब कुटुंबांना भेटी देत आणि साप्ताहिक बैठकीत त्या कुटुंबांविषयी चर्चा करीत. ही बैठक वरकरणी मदतीचे निर्णय घेण्यासाठी असली, तरी नवख्या स्वयंसेवकाचे शिक्षण तेथेच होत असे.

अनुभवी व्यक्तीबरोबर फिरून शिकण्याच्या या पद्धतीची मर्यादा लवकरच ध्यानात आली. शिकणाऱ्याचे सर्व काही त्या एका व्यक्तीच्या गुणदोषांवर अवलंबून राही. १८९७ साली मेरी रिचमंड यांनी समाजसेवेच्या व्यावसायिक शिक्षणासाठी स्वतंत्र शाळा असावी अशी मागणी केली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाला. १९०४ मध्ये त्याचे रूपांतर एक वर्षाच्या अभ्यासक्रमात झाले. वर्गातील सिद्धांत आणि संस्थेतील प्रत्यक्ष काम अशी दुहेरी रचना रूढ झाल्यावर या दोहोंना जोडणारा दुवा म्हणून 'पर्यवेक्षक' ही भूमिका आकारास आली.

१९३६ साली व्हर्जिनिया रॉबिन्सन यांचा समाजकार्यातील पर्यवेक्षणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पर्यवेक्षण म्हणजे केवळ कामाची तपासणी नसून ती शिकण्याची एक प्रक्रिया आहे, ही भूमिका त्याने रुजविली. १९४२ मध्ये बर्था रेनॉल्ड्स यांनी नवशिक्या कार्यकर्त्याच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात तो स्वतःच्याच जाणिवेने दडपलेला असतो. दुसऱ्यात बुडू नये म्हणून तो हातपाय मारतो. तिसऱ्यात परिस्थिती कळते, पण कृती अजून हातात येत नाही. चौथ्यात कामावर बऱ्यापैकी पकड येते आणि पाचव्यात आपल्याला आलेले तो दुसऱ्याला शिकवू लागतो. या मांडणीचे महत्त्व असे की चुकणारा किंवा गप्प राहणारा विद्यार्थी आळशी वा अपात्रच असतो, या समजुतीला तिने छेद दिला. तिसऱ्या टप्प्यातील विद्यार्थ्याला सारे समजत असते, पण करता येत नसते, आणि म्हणूनच तो सर्वाधिक निराश असतो. नेमक्या याच काळात त्याला मार्गदर्शकाची गरज अधिक भासते.

नागपाड्यातील प्रयोग

भारतात या विचाराला संस्थात्मक रूप मुंबईत मिळाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ साली मुंबईत आले. भायखळ्याजवळील नागपाडा या दाट वस्तीत त्यांनी 'नागपाडा नेबरहुड हाउस' हे सामाजिक केंद्र चालविले. समाजसेवेसाठी केवळ सद्भावना पुरेशी नाही, तीस पद्धतशीर शिक्षणाची जोड हवी, हा त्यांचा अनुभव होता. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ साली 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' ही भारतातील समाजकार्य शिक्षणाची पहिली संस्था नागपाड्यातच सुरू झाली. तिचे मॅनशार्ट हे पहिले संचालक होते. १९४१ मध्ये जे. एम. कुमारप्पा यांनी सूत्रे हाती घेतली आणि १९४४ साली संस्थेस 'टाटा समाजविज्ञान संस्था' हे नाव मिळाले.

शाळेची जागा हीच एक शैक्षणिक भूमिका होती. विद्यार्थी ज्या प्रश्नांचा अभ्यास करणार, ते प्रश्न वर्गाच्या दाराबाहेरच होते. मात्र त्या काळी शहरातील बहुतेक सामाजिक संस्थांमध्ये प्रशिक्षित कार्यकर्ते नव्हते. विद्यार्थ्याला संस्थेत पाठविता येई, पण तेथे त्याला शिकविणार कोण, हा प्रश्न उरे. यावर उपाय म्हणून शिक्षणसंस्थेला स्वतःच कार्यक्षेत्रे उभी करावी लागली. १९३७ मध्ये सुरू झालेले बालमार्गदर्शन केंद्र हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पुढे १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. अशा नेमणुका वाढू लागल्या, तसे विद्यार्थ्यांना रुग्णालयांत व इतर संस्थांत प्रशिक्षित मार्गदर्शक मिळणे शक्य झाले. फाळणीनंतर कुरुक्षेत्र येथील निर्वासितांच्या छावणीत संस्थेचे अध्यापक आणि विद्यार्थी यांनी एकत्र काम केले. तेथे अध्यापक विद्यार्थ्यांबरोबर होते, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

यानंतर दिल्ली, बडोदे, मुंबईतील निर्मला निकेतन, नागपूर आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था अशा ठिकाणी समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले. त्यांत क्षेत्रकार्याची एक समान चौकट रूढ झाली. आठवड्यातील साधारणतः दोन दिवस क्षेत्रात काम, त्या कामाचा लेखी अहवाल, अहवाल वाचून अध्यापकाने घेतलेली व्यक्तिगत चर्चा, काही काळाने गटचर्चा आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यासमवेत बसून केलेले मूल्यमापन, अशी ती चौकट होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या समित्यांनी १९६५ आणि १९८० च्या अहवालांत समाजकार्य शिक्षणाचा आढावा घेतला. समाजकार्य महाविद्यालयांत क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण अध्यापकाच्या कार्यभारात धरले जाते, यामागे ही दीर्घ परंपरा आहे.

या चौकटीतही दोष शिरले. अहवाल एकमेकांचे पाहून लिहिले जाणे, व्यक्तिगत चर्चेची जागा सहीने घेणे आणि एकेका अध्यापकाकडे पेलणार नाहीत इतके विद्यार्थी सोपविले जाणे, या तक्रारी समाजकार्य महाविद्यालयांना अपरिचित नाहीत. तथापि चौकट अस्तित्वात असल्यामुळेच हे दोष दोष म्हणून ओळखता येतात.

शिकाऊ उमेदवारीचे कायदे

औद्योगिक क्षेत्रात हाच प्रश्न कायद्याच्या वाटेने पुढे गेला. भारतातील पहिला शिकाऊ उमेदवारी कायदा १८५० चा. अनाथ व गरीब मुलांना व्यवसाय शिकता यावा म्हणून १० ते १८ वर्षे वयाच्या मुलास कराराने मालकाकडे सोपविण्याची सोय त्यात होती आणि कराराची मुदत सात वर्षांपर्यंत असू शके. मुलाला वाईट वागणूक मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येई. म्हणजे संरक्षणाचा विचार होता, परंतु शिकविणाऱ्याच्या पात्रतेचा विचार नव्हता.

स्वातंत्र्यानंतर झालेला १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्यात नियोक्त्याची कर्तव्ये नमूद करण्यात आली. नियोक्ता स्वतः त्या व्यवसायात पात्र नसेल, तर विहित पात्रता असलेली व्यक्ती उमेदवाराच्या प्रशिक्षणाची प्रमुख म्हणून नेमणे त्याच्यावर बंधनकारक झाले. प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणे, विद्यावेतन देणे आणि कामावर इजा झाल्यास नुकसानभरपाई देणे याही तरतुदी आहेत. वाद निर्माण झाल्यास शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जाता येते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांचे पदवीधरही या कायद्याच्या कक्षेत आले.

याच कायद्यात शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. या वाक्याला दोन धारा आहेत. प्रशिक्षण खरोखर दिले जात असेल, तर ते उमेदवाराच्या विद्यार्थिदशेचे रक्षण करते. प्रशिक्षण नावापुरतेच असेल, तर तेच वाक्य त्याला कामगाराच्या हक्कांपासूनही दूर ठेवते. प्रशिक्षणाचा प्रमुख कोण आणि तो काय करतो, या प्रश्नावर सारे अवलंबून राहते ते यामुळेच.

श्रेयांकांचा काळ

एकविसाव्या शतकात कार्यस्थळावरील प्रशिक्षण मोजक्या व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरते राहिले नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आणली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प यासाठी ४ श्रेयांक ठेवले. आंतरवासितेच्या एका श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ते १२० तासांचे काम होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी विद्यार्थ्यांच्या आंतरवासितेसाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कार्यस्थळावरील पर्यवेक्षक आणि महाविद्यालयातील मार्गदर्शक अशा दोन्ही भूमिका अपेक्षिल्या आहेत.

येथे इतिहासाचा संदर्भ उपयोगी पडतो. आजवर कार्यस्थळावरील मार्गदर्शनाचा अनुभव मुख्यतः समाजकार्य, अध्यापक शिक्षण, वैद्यक, परिचर्या आणि तंत्रशिक्षण यांच्याकडे होता. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील मराठी, इतिहास किंवा अर्थशास्त्राच्या अध्यापकाला ही भूमिका नवी आहे. ग्रंथालय, वृत्तपत्र, पतसंस्था, संग्रहालय वा ग्रामपंचायत या ठिकाणी पाठविलेला विद्यार्थी १२० तास नेमके काय करीत होता, हे त्याला उपस्थितीच्या प्रमाणपत्रावरून कळणार नाही. विद्यार्थ्याचे तास श्रेयांकांत मोजले जातात. मार्गदर्शकाचे तास कोठे मोजले जातात, याचे उत्तर प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या वेळापत्रकात द्यावे लागेल.

सुरक्षेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. महाविद्यालयाने पाठविलेला विद्यार्थी आपोआप १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवार ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र करार व त्याची नोंदणी आवश्यक असते. त्यामुळे अपघाताच्या प्रसंगी जबाबदारी कोणाची, हे पाठविण्यापूर्वीच लेखी ठरविणे गरजेचे आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने मात्र कर्मचारी या संज्ञेत प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार यांचाही समावेश केला आहे. ही माहिती विद्यार्थिनीला पहिल्या दिवसापूर्वी मिळाली पाहिजे. तक्रार कोणाकडे करावी हे ठाऊक नसलेल्या मुलीला कायद्याचा उपयोग नाही.

समारोप

लंडन, पुणे आणि मुंबई येथील संस्थांची परिस्थिती एकमेकींहून फार वेगळी होती. तरीही त्यांच्या अनुभवातून चार गोष्टी समान रीतीने पुढे येतात. पहिली, प्रत्येक प्रशिक्षणार्थीसाठी एक निश्चित व्यक्ती नेमलेली असावी आणि तिचा वेळ कार्यभारात धरलेला असावा. दुसरी, काम करून घेणारा आणि विद्यार्थ्याचे ऐकून घेणारा या भूमिका शक्यतो वेगळ्या असाव्यात. तिसरी, विद्यार्थ्याने लिहावे आणि ते लिखाण वाचून त्याच्याशी बोलले जावे; न वाचलेला अहवाल हा केवळ कागद होय. चौथी, ज्या ठिकाणी शिकणे होत नाही तेथून विद्यार्थ्याला परत बोलावण्याचा अधिकार मार्गदर्शकाला असावा.

यांपैकी एकही गोष्ट खर्चिक यंत्रसामग्रीची मागणी करीत नाही. चारही गोष्टी माणसाचा वेळ मागतात. सेंट टॉमस रुग्णालयातील शाळेने मोबदला देऊनही पहिल्या दशकात हा वेळ प्रत्यक्षात दिला गेला नाही, आणि नामांकित शाळेतील विद्यार्थिनी रुग्णालयाच्या राबत्या हातांत जमा झाल्या. आज महाविद्यालयांची संख्या, विद्यार्थ्यांची संख्या आणि रिक्त राहिलेली अध्यापकपदे यांचा विचार करता तीच चूक मोठ्या प्रमाणावर घडण्याचा धोका आहे. विद्यार्थ्याला कार्यस्थळी पाठविण्याचा निर्णय आता झालेला आहे. तो तेथे शिकणारा म्हणून राहील की जुन्या अर्थाने उमेदवार होईल, हे यापुढे महाविद्यालयाच्या कार्यभार तक्त्यात ठरेल.